गरोदरपणात अंगावरून जातं, वास येतो: बॅक्टेरियल व्हजायनोसिस समजून घेताना

इंदूरच्या रामबागेत, माझ्या माहेरी, भाचेसुनेचं डोहाळजेवण होतं. फुलांनी सजवलेला झोपाळा, हिरवी साडी, ओटी भरायला आलेल्या बायका, सगळं साग्रसंगीत. पण झोपाळ्यावर कुणी शेजारी येऊन टेकलं की ती हळूच सरकायची. फोटोसाठी जावेनं खांद्यावर हात टाकला, तर तिनं अंग चोरलं. मला वाटलं, दमली असेल. सातवा महिना, त्यात मे महिन्याचा उकाडा. बायका गेल्यावर मागच्या खोलीत ती मला म्हणाली, "आत्या, मला खालून वास येतो हो. तीन आठवडे झाले. दोनदोनदा आंघोळ करते, तरी येतोच. बाकीच्यांनाही येत असेल का?"

तिनं हे नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूला नाही, डॉक्टरांनाही नाही. मला सांगितलं, कारण मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली काचा पाहिल्या आहेत हे तिला माहीत होतं. मी तिला आधी एवढंच म्हटलं, की हा वास अस्वच्छतेचा नाही. ती रडायला लागली. तीन आठवडे ती स्वतःला घाणेरडी समजत होती.

त्या रात्री तिला जे समजावलं, ते इथे जरा विस्ताराने लिहिते आहे. तिच्यासारख्या गप्प बसलेल्या बऱ्याच जणी मी लॅबच्या बाकावर पाहिल्या आहेत.

विरजण बिघडतं तेव्हा

योनीमार्गात जंतू असतात, आणि ते असायलाच हवेत. त्यांतले मुख्य म्हणजे लॅक्टोबॅसिलस, दही लावणाऱ्या जंतूंच्या गोतातले. १८९२ साली डोडरलाइन नावाच्या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञानं त्यांचं वर्णन केलं, म्हणून जुन्या पुस्तकांत त्यांना त्याचंच नाव आहे. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखर साठवून ठेवतं. त्या साखरेवर हे जंतू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ३.८ ते ४.५ राहतो, म्हणजे दह्याच्या आसपासचा आंबटपणा. अशा आंबट जागी बाहेरचे बरेचसे उपद्रवी जंतू टिकाव धरत नाहीत.

चांगल्या विरजणाचं दही घट्ट लागतं, आंबूस वास देतं आणि दोन दिवस टिकतं. विरजण कमी पडलं किंवा बिघडलं, तर त्याच दुधात भलतेच जंतू वाढतात, तार सुटते, वास मारतो. दूध तेच, भांडं तेच, भांडं धुणारीही तीच. आत कोणत्या जंतूंचं राज्य आहे, तेवढं बदललेलं असतं.

बॅक्टेरियल व्हजायनोसिस, ज्याला डॉक्टर नुसतं 'बीव्ही' म्हणतात, ते असं बिघडलेलं विरजण. लॅक्टोबॅसिलस घटतात आणि एरवी तिथे मूठभर असणारे, प्राणवायूशिवाय जगणारे जंतू शेकडो पटींनी वाढतात. गार्डनरेला, प्रिव्होटेला, मोबिलंकस अशी त्यांची नावं. १९५५ साली अमेरिकेत गार्डनर आणि ड्यूक्स या दोघांनी या तक्रारीचं कारण म्हणून एक जंतू दाखवला, त्यावरूनच गार्डनरेला हे नाव आलं. पुढे कळत गेलं, की हा एकट्या जंतूचा आजार नाही. बऱ्याच जंतूंची टोळी मिळून हे करते, आणि अस्तरावर एक चिकट थर धरून बसते. माठ चार दिवस आतून धुतला नाही, तर हाताला जो बुळबुळीतपणा लागतो ना, तशा जातीचा थर. औषधानं वरचे जंतू मरतात, थरात दडलेले काही उरतात. बीव्ही पुन्हापुन्हा उलटण्याचं हे एक मोठं कारण मानलं जातं.

नावाचीही गंमत समजून घेण्यासारखी आहे. शरीरात कुठे दाह झाला की त्या आजाराच्या नावाच्या शेवटी 'आयटिस' येतं: टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस. इथे 'ओसिस' आहे, कारण लालसर सूज, आग, खाज असा दाह बहुधा नसतो. काचेवरही पू-पेशी फारशा दिसत नाहीत. त्यामुळेच निम्म्याच्या आसपास बायकांना काहीच जाणवत नाही. जगभरात प्रजननवयातल्या साधारण चार बायकांमागे एकीला हे असतं असं पाहण्या सांगतात. म्हणजे त्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात ओटी भरायला बसलेल्यांतही काही जणींना असणार, आणि त्यांना पत्ताही नसणार.

मासळीचा वास, आणि ज्यांनी मासळी कधी शिजवलीच नाही

पुस्तकात लिहिलेलं असतं: मासळीसारखा वास. आता आमच्या इंदुरी मराठी घरांतल्या कितीतरी मुलींनी आयुष्यात मासळी बाजार पाहिलेला नसतो. डॉक्टरीणबाई विचारतात, "मछली जैसी बदबू आती है क्या?" मुलगी प्रामाणिकपणे म्हणते, "नहीं." आणि विषय तिथेच मिटतो. माझ्याशी बोलताना या मुली म्हणायच्या: कुबट, सडका, कालच्या भाजीसारखा, नळ गेलेल्या मोरीसारखा. तुमच्याकडे जो शब्द असेल तोच सांगा. किंचित आंबूस वास नेहमीचाच असतो, त्याची काळजी नको. उग्र, नकोसा, आणि नवऱ्याजवळ गेल्यानंतर वाढणारा वास सांगायलाच हवा.

तो तेव्हाच का वाढतो, याचं कारण सरळ आहे. हे जंतू अमाइन नावाची रसायनं तयार करतात. जागा आंबट असते तोवर ती विरघळून गप्प बसतात. वीर्य अल्कधर्मी असतं. त्यानं आंबटपणा कमी झाला की ही रसायनं वाफ होऊन उडतात आणि वास येतो. लॅबमध्ये आम्ही हेच मुद्दाम घडवून आणायचो. स्रावाच्या थेंबावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं १० टक्के द्रावण टाकायचं आणि काच नाकाजवळ न्यायची.

तोच वास आला, तर ती झाली बीव्हीच्या चार खुणांपैकी एक. बाकीच्या तीन म्हणजे पातळ, करडट-पांढरा, एकसारखा पसरलेला स्राव; ४.५ च्या वर गेलेला पीएच; आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या 'क्लू सेल', म्हणजे मागोवा देणाऱ्या पेशी. योनीच्या अस्तरातली पेशी एरवी स्वच्छ, रेखीव कडेची दिसते. बीव्हीत तिच्यावर जंतू इतके चिकटतात, की पीठ जास्त लावून लाटलेल्या पोळीसारखी तिची कड हरवून जाते. एकदा पाहिली की विसरत नाही. चारांपैकी तीन खुणा जुळल्या की निदान पक्कं, अशी ही १९८३ सालची ॲम्सेल यांची पद्धत आजही दवाखान्यांत चालते. आम्ही लॅबवाले मात्र १९९१ ची न्यूजंट पद्धत वापरायचो. ग्रॅम नावाच्या शास्त्रज्ञाच्या पद्धतीनं रंगवलेल्या काचेवर तीन आकारांचे जंतू मोजायचे आणि ० ते १० मधला अंक द्यायचा. ३ पर्यंत ठीक, ४ ते ६ मधलं, ७ आणि वर बीव्ही. कापसाच्या बोळ्यानं नमुना घ्यायला मिनिटसुद्धा लागत नाही, दुखत नाही, गरोदरपणात बाळाला त्याचा धक्का पोहोचत नाही.

अंगावरून पांढरं जाणं एवढ्यावरून बीव्ही ठरत नाही. दिवस गेले की इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे पातळ, दुधट, बिनवासाचा स्राव वाढणं हे शरीराचं नेहमीचं काम आहे. फुटलेल्या दह्यासारख्या गुठळ्या आणि असह्य खाज असेल तर बहुतेक बुरशी. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीची शंका. आणि साध्या पाण्यासारखं काही थेंबथेंब किंवा भसकन जायला लागलं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी दवाखाना गाठा. पाणमोट फुटलेली असू शकते.

"पांढरं गेलं की हाडं झिजतात" आणि "अंगात उष्णता पडली आहे" ही दोन वाक्यं मी लहानपणापासून ऐकत आले. हाडांचा या स्रावाशी काही संबंध नाही. उष्णतेचाही नाही. बडीशेपेचं पाणी प्यायला हरकत काहीच नाही, फक्त त्याच्या भरवशावर तीन आठवडे काढू नयेत.

बाळापर्यंत काय पोहोचतं

भाचेसुनेचा दुसरा प्रश्न हाच होता: "बाळाला काही होईल का?"

आधी जे होत नाही ते सांगते. बीव्हीमुळे बाळाला जन्मजात व्यंग येत नाही. केवळ बीव्ही आहे म्हणून सिझेरियन करावं लागत नाही. काळजी आहे ती एका गोष्टीची: बाळ वेळेआधी येण्याची.

गर्भाशयाचं तोंड गरोदरपणात घट्ट मिटलेलं असतं आणि त्यावर चिकट श्लेष्म्याचं बूच बसलेलं असतं. बीव्हीतले काही जंतू हा श्लेष्मा विरघळवणारी विकरं सोडतात. बूच सैल झालं की जंतू किंवा त्यांची रसायनं वर सरकू शकतात. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी जाग्या होतात, आणि त्या गडबडीत प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. दिवस भरल्यावर कळा आणणारी आणि पिशवीचं तोंड मऊ करणारी द्रव्यं ती हीच. म्हणजे बाळंतपणाची जी तयारी नवव्या महिन्यात व्हायची, तिची सुरुवात सहाव्या-सातव्यातच होऊ शकते. शिवाय पाणमोटीचं आवरण कमकुवत होऊन ती वेळेआधी फुटू शकते. क्वचित त्या आवरणालाच संसर्ग होतो, आणि तो आई-बाळ दोघांनाही महागात पडतो. तिसऱ्या महिन्यानंतर होणाऱ्या गर्भपाताशीही बीव्हीचा संबंध आढळला आहे.

३७ आठवड्यांआधी जन्मलेलं मूल ते अपुऱ्या दिवसांचं. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुलं जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात. फुप्फुसांचे बारीक फुगे उघडे ठेवणारं द्रव्य पुरेसं तयार नसतं, अंगावर चरबी नसल्यामुळे ऊब टिकत नाही, चोखायची ताकद नसते, मेंदूतल्या नाजूक शिरा आणि डोळ्यांचा पडदा यांनाही धोका असतो. जितकं लवकर, तितकं हे सगळं जास्त.

इथे एक घरगुती समजूत खोडून काढायला हवी, कारण तिच्यामुळे मी माणसं भलत्या वेळी निर्धास्त झालेली पाहिली आहेत. "सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही" असं आजही आमच्या घरांतून म्हणतात. हे खरं नाही. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या पदरात काही ना काही टाकतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा नेहमीच जास्त तयार असतं. सातव्यात कळा सुरू झाल्या तर "सातव्याचं जगतंच" म्हणून घरी थांबू नये. वेळेत दवाखान्यात पोहोचलं तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देता येतात, त्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. त्यातला एकेक तास मोलाचा असतो.

आता धोका किती, ते आकड्यात. बीव्ही असलेल्या गरोदर बायकांत वेळेआधी बाळंतपणाची शक्यता साधारण दीडपट ते दुप्पट असते, असं वेगवेगळ्या अभ्यासांतून दिसलं आहे. 'दुप्पट' ऐकलं की काळजात धस्स होतं. म्हणून तिला मी बोटांवर मोजून दाखवलं. समजा, एरवी शंभर जणींपैकी दहा जणींचं बाळंतपण लवकर होतं. बीव्ही असलेल्या शंभर जणींत ते पंधरा ते वीस जणींचं होईल. उरलेल्या ऐंशी-पंच्याऐंशी जणी दिवस भरूनच बाळंत होतील. आणि बीव्ही गरोदरपणाच्या सुरुवातीला, चौथ्या महिन्याच्या आत असेल, तर धोका जास्त. उशिरा लक्षात आलेल्याचा कमी.

मग सगळ्यांनाच तपासून गोळ्या का देत नाहीत?

हा प्रश्न मला स्वतःला बरीच वर्षं छळत होता. बीव्हीनं धोका वाढतो. बीव्हीवर स्वस्त औषध आहे. मग प्रत्येक गरोदर बाईची काच पाहावी, अंक सात किंवा वर आला की औषध द्यावं, की संपलं. कागदावर हे इतकं सोपं दिसतं, की आपण ते करत नाही म्हणजे हलगर्जीपणाच, असं मला वाटायचं.

फ्रान्समध्ये हे करून पाहिलं गेलं. २००६ ते २०११ या काळात तिथे ८४,५३० गरोदर बायकांची साडेतीन महिन्यांच्या आत तपासणी झाली. ५,६३० जणींना बीव्ही निघालं. आधीचं बाळंतपण वेळेआधी न झालेल्या, म्हणजे कमी जोखमीच्या सुमारे २,८७० जणींमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून काहींना क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक दिलं, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. उशिरा गर्भपात किंवा फारच लवकर बाळंतपण: औषधवाल्या गटात १.२ टक्के, बिनऔषधाच्या गटात १ टक्का. काहीही फरक नाही. त्याआधी, २००० साली, अमेरिकेत मेट्रोनिडॅझोल देऊन झालेल्या मोठ्या चाचणीतही हेच दिसलं होतं. जंतू हटतात, पण त्यामुळे बाळं पोटात जास्त दिवस राहतात असं दिसत नाही.

हे असं का व्हावं? संशोधक यावर बऱ्याच दिशांनी विचार करतात, आणि मला त्यातल्या तीन गोष्टी पटतात. पहिली, प्रतिजैविक वाईट जंतू मारतं, चांगलं विरजण परत लावत नाही. भांडं रिकामं झालं, तरी दही आपोआप लागत नाही. दुसरी, आपण तपासतो तोवर जंतू कदाचित गर्भाशयाच्या अस्तरात आधीच पोहोचलेले असतात, काही वेळा दिवस जाण्याच्याही आधीपासून. मग उशिरा दिलेल्या औषधानं सुरू झालेली साखळी थांबत नाही. तिसरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: 'बीव्ही' हे एकच नाव असलं तरी प्रत्येकीच्या काचेवरची टोळी वेगळी असते, आणि त्या टोळीला उत्तर देणारं प्रत्येकीचं शरीरही वेगळं. एकीचं शरीर दुर्लक्ष करतं, दुसरीचं पेटून उठतं. कुणाचं पेटणार, हे काचेवर दिसत नाही. तीस वर्षं काचा पाहून मी हे सांगते आहे.

म्हणूनच अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्याच्या तज्ज्ञ मंडळानं २०२० साली सांगितलं, की तक्रार नसलेल्या, कमी जोखमीच्या गरोदर बायकांची बीव्हीसाठी सरसकट तपासणी करू नये. आधी एखादं बाळंतपण वेळेआधी झालेल्या बायकांबद्दल मात्र त्यांनी होकार किंवा नकार द्यायला पुरावा अपुरा आहे असं म्हटलं. तुम्ही या दुसऱ्या गटात असाल, तर पहिल्याच तपासणीला आधीचं बाळंतपण कोणत्या आठवड्यात झालं ते आपणहून सांगा.

आणि तक्रार असेल तर? तर उपचार घ्यायचेच. वरच्या चाचण्या तक्रार नसलेल्या बायकांविषयी बोलतात. वास येतो, स्राव जातो, चारचौघांत बसवत नाही, हे दुःख खरं आहे आणि ते औषधानं जातं. बाळंतपण लांबेल अशी हमी त्या गोळ्या देत नाहीत, पण शेजारी बसलेल्या जावेपासून सरकावं लागत नाही, हेही काही थोडं नाही.

गोळ्या, पाकिटं आणि तुरटीचं पाणी

नेहमीचं औषध मेट्रोनिडॅझोल. आपल्याकडे ४०० मिलिग्रॅमची गोळी मिळते. साधारण दिवसातून दोनदा, सात दिवस. किंवा आत लावायची जेल, किंवा क्लिंडामायसिनची क्रीम वा कॅप्सूल. कोणतं आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. तोंडाला धातूसारखी चव येते, थोडं मळमळतं, त्यामुळे जेवणानंतर घ्यावं. "गरोदरपणात ही गोळी चालते का?" ही भीती जुनी आहे. प्राण्यांवरच्या जुन्या प्रयोगांतून ती आली. त्यानंतर कित्येक वर्षं गरोदर बायकांवर झालेल्या अभ्यासांत या गोळीनं बाळाला व्यंग येतं असं आढळलेलं नाही. वास तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातो, आणि इथेच बहुतेक जणी गोळ्या सोडतात. सातही दिवस पुरे करा.

आता एक गोष्ट काकुळतीनं सांगते. आपल्याकडे कोणत्याही मेडिकलच्या दुकानात "सफेद पानी" म्हटलं, की तीन औषधं एकत्र असलेलं एक पाकीट समोर येतं: फ्लुकोनॅझोल, अझिथ्रोमायसिन आणि सेक्निडॅझोल. दवा बाजाराच्या आसपास मी नवऱ्यांना ते पाकीट नुसतं नाव सांगून नेताना पाहिलं आहे, बायको पोटुशी आहे की नाही हे कुणी विचारत नाही. फ्लुकोनॅझोलची तोंडानं घ्यायची गोळी गरोदरपणात टाळायला सांगतात, गर्भपाताशी तिचा संबंध दिसलेला आहे. बुरशी असलीच तरी गरोदरपणात तिच्यासाठी आत लावायचं औषध देतात. आणि बीव्हीला त्या गोळीचा उपयोगच नाही. दिवस गेलेले असताना हे पाकीट घेऊ नका.

धुण्याबद्दल. भाचेसून वास जावा म्हणून तुरटीच्या पाण्यानं आतून धुवत होती, मग कुठूनसा सुगंधी वॉश आणला. योनीमार्ग आतून धुवायची जागा नाही. आतून धुतलं की उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही वाहून जातात आणि वास आणखी वाढतो. मग बाई आणखी धुते. हे चक्र मी कितीदा ऐकलं आहे. बाहेरून साध्या पाण्यानं धुवा, सुती कपडे वापरा, तेवढं पुरे. वर दह्याचं उदाहरण दिलं म्हणून हेही स्पष्ट सांगते, की घरचं दही आत लावायचं नाही. दह्यातले जंतू योनीतल्या जंतूंच्या नात्यातले असले, तरी ते वेगळे आहेत आणि तिथे घर करत नाहीत. लसणाची पाकळी वगैरे तर मुळीच नको.

नवऱ्याचा प्रश्न नाजूक आहे. बीव्ही हा नेहमीच्या अर्थानं गुप्तरोग मानला जात नाही, त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडू नये. तरीही त्याचा शरीरसंबंधांशी संबंध आहे. २०२५ साली ऑस्ट्रेलियातून एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात बायकोबरोबर नवऱ्यालाही गोळ्या आणि लावायची क्रीम दिली, तेव्हा बीव्ही उलटण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ वर आलं. तेव्हा पुन्हापुन्हा होत असेल, तर नवऱ्याला सोबत घेऊन डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही.

बोलायचं कसं, हीच खरी अडचण. आम्ही इंदूरकर घरात मराठी बोलतो, बाहेर हिंदी, आणि या जागेला दोन्हीकडे आमच्याजवळ शब्द नसतो. घरात "खाली", दवाखान्यात "नीचे". त्यात सरकारी रुग्णालयात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून देशभर चालू आहे, आणि गर्दीत शेजारणीसमोर हे बोलवत नाही. माझा उपाय साधा आहे. घरून कागदावर लिहून न्या: किती दिवस झाले, रंग कसा, वास आहे का, खाज आहे का, आधी कोणतं औषध घेतलं, आधीचं बाळंतपण कितव्या आठवड्यात झालं. तपासणीच्या कार्डात तो कागद घडी करून ठेवा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. भाचेसुनेनं हेच केलं. तिचा न्यूजंट अंक ८ आला. सात दिवस गोळ्या घेतल्या.

तिला ३९ व्या आठवड्यात मुलगी झाली. घरात सगळे त्याचं श्रेय माझ्या सल्ल्याला देतात. मी त्यांना फ्रान्समधल्या चाचणीबद्दल सांगते. गोळ्या घेतल्या नसत्या तरी बहुधा ती तेव्हाच बाळंत झाली असती.

जाताना तिच्यासाठी मी एक चिठ्ठी ठेवली, तीच इथे उतरवते. बाळंतपणानंतर ताप आला, ओटीपोट दुखायला लागलं, किंवा जाणाऱ्या रक्ताला घाण वास यायला लागला, तर सव्वा महिन्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. बीव्ही होऊन गेलेल्या बायकांत, विशेषतः सिझेरियननंतर, गर्भाशयाच्या अस्तराला संसर्ग होण्याची शक्यता थोडी जास्त असते. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना बीव्ही पुन्हा होतं, तेव्हा परत वास आला तर घाबरायचं नाही आणि जुन्या गोळ्या शोधायच्या नाहीत, काच पुन्हा तपासून घ्यायची. आणि पुढच्या खेपेला दिवस राहिले, की हे सगळं पहिल्याच तपासणीत सांगायचं.